जुन्या पिकअपचं ब्रेक ऑइल: कोणतं घ्यायचं, कधी बदलायचं?

जालन्यात मस्तगड ते मोंढा अशा फेऱ्या मारताना जुन्या पिकअपचा ब्रेक ठणठणीत लागतो. रस्ता सपाट, वेग कमी. तीच गाडी मोसंबीचे क्रेट भरून कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरू लागली, की काही वळणांनंतर पेडल मऊ पडून खाली जाऊ शकतं. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं की ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा. मेस्त्रीला दाखवलं तर गळती नाही, काही तुटलेलं नाही. अशा वेळी पहिला संशय जुन्या ब्रेक ऑइलवर घ्यायचा.

ब्रेक ऑइल खराब कसं होतं?

आपण याला ऑइल म्हणतो, पण नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथरपासून बनतं आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. रबरी होज आणि टाकीच्या झाकणातून ओलावा हळूहळू आत जातो. गाडी उभी असली तरी हे चालूच राहतं.

पाणी वाढलं की ऑइल कमी तापमानाला उकळतं. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि ड्रम तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते आणि आत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो, चाकापर्यंत पोचत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, म्हणून दोष सापडत नाही.

डॉट ३, डॉट ४ की आणखी काही?

डब्यावरचा डॉट नंबर ऑइल किमान किती तापमानाला उकळेल ते सांगतो. इथे 'ओलं' म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी शोषलेलं.

- डॉट ३: नवीन २०५ अंश सेल्सिअस, ओलं १४० अंश
- डॉट ४: नवीन २३० अंश, ओलं १५५ अंश
- डॉट ५.१: नवीन २६० अंश, ओलं १८० अंश
- डॉट ५: आकडे ५.१ सारखेच, पण हे सिलिकॉनचं असतं

टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जो नंबर दिलाय तो पाळायचा. डॉट ३ च्या गाडीत साधारणपणे डॉट ४ चालतं आणि ओझं घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीला ते बरं. पण जुन्यात थोडं नवीन ओतून फायदा नाही, सगळं बदलायला हवं. डॉट ५ मात्र घ्यायचं नाही. ते बाकीच्यांत मिसळत नाही. ५ आणि ५.१ ची नावं सारखी असल्याने इथे गफलत होते.

इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा डिझेल चुकूनही ओतू नका. ब्रेकची रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलेंडरपासून होजपर्यंत सगळं बदलावं लागतं.

विकत घेताना

सीलबंद, तारीख बघून आणि लागेल तेवढाच डबा घ्या. दुकानात किंवा घरी उघडा पडलेला अर्धा डबा स्वस्तात मिळाला तरी नको. त्यात पाणी शिरायला सुरुवात झालेली असते.

फोन इथे कामाला येतो

- झाकणावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराला तोच दाखवा.
- दर महिन्याला टाकीवरच्या मिन आणि मॅक्स रेघांसह लेव्हलचा फोटो काढा. पॅड झिजतात तशी लेव्हल हळूहळू उतरते. एकदम उतरली तर गळती शोधा. मागच्या टायरची आतली बाजू ओली दिसली तर व्हील सिलेंडर तपासा.
- ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून दोन वर्षांनंतरचा रिमाइंडर लावा. मॅन्युअलमध्ये त्याहून कमी मुदत असेल तर ती पाळा.

काळपट ऑइल बदलायला हवंच, पण स्वच्छ दिसतंय म्हणून चांगलं असं नाही. पाणी डोळ्यांना दिसत नाही. टेस्टर पेनवरून अंदाज येतो, पण दोन वर्षं झाली असतील तर पेन काहीही दाखवो, बदला.

बदलताना काय बघायचं?

हे काम अनुभवी मेस्त्रीकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा. झाकण उघडण्याआधी ते पुसायला हवं. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात होते. एक जण पेडल दाबतो, दुसरा निपल सैल करतो. पारदर्शक नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल आलं की पुढचं चाक. मधे टाकी रिकामी झाली तर हवा शिरते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

जुन्या गाडीत आणखी एक काळजी. पेडल तळापर्यंत दाबलं तर मास्टर सिलेंडरचं रबर आतल्या गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतं. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा.

निघालेलं ऑइल परत वापरायचं नाही, गटारातही ओतायचं नाही. ते विषारी आहे आणि रंगही खातं. बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

घाटात पेडल मऊ पडलंच तर

पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली घ्या आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. हँडब्रेक सहसा केबलवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. गाडी थांबली की चाकांना दगड लावा. ब्रेक परत आला तरी त्या भरवशावर उरलेला घाट उतरू नका. मेस्त्रीला तिथेच बोलवा.