लेकराची गोष्ट आणि परभणीची बोली

मराठी बालकथेचा इतिहास सांगताना आपण बहुधा 1828 या वर्षापासून आरंभ करतो. त्या वर्षी सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तके प्रसिद्ध झाली. दोन्ही भाषांतरे होती. 'बाळमित्रा'चे मूळ तर फ्रेंच, आणि ते इंग्रजीच्या वाटेने मराठीत आले. पुढे वि. कों. ओक यांचे 'बालबोध' (1881) आणि वा. गो. आपटे यांचे 'आनंद' (1906) या मासिकांनी मुलांसाठी लिहिण्याची शिस्त घडवली. या कामाचे मोल कमी नाही. मात्र त्याचा जन्म इंग्रजी अमलातील मुलखात झाला. त्या काळी परभणीचे लेकरू कोणती गोष्ट ऐकत होते, हा प्रश्न त्यात येत नाही.

परभणी 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. कारभार उर्दूत चाले, उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. सेलूजवळच्या सातोन्यात 1913 साली जन्मलेल्या बी. रघुनाथांना शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागले, आणि पुढे त्यांनी निजाम सरकारच्याच बांधकाम खात्यात नोकरी केली. अशा प्रदेशात मराठी गोष्टीला छापील पानापेक्षा घरचा आधार अधिक होता, असे आम्हांला वाटते.

या घरगुती गोष्टीची एक फार जुनी नोंद आपल्याकडे आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामी एका लहानग्या मुलीला कावळ्याची कहाणी सांगतात. कावळ्याचे घर शेणाचे, साळईचे मेणाचे. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो तिच्या दारी येतो. पुढे साळईची जागा चिमणीने घेतली, पण बांधणी टिकली. ही बांधणी नीट पाहावी. दार उघडणे पुन्हापुन्हा लांबते, प्रत्येक वेळी निमित्त नवे आणि तेही घरातल्या रोजच्या कामाचे. ऐकणारे लेकरू पुढचे निमित्त स्वतःच सुचवू लागते. येथे कथेची रचना श्रोत्याच्या साहाय्याने होते. तात्पर्य वेगळे सांगावे लागत नाही.

लिहिणाऱ्याला ही सोय नसते. समोरचा श्रोता त्याला कल्पावा लागतो. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा प्रकरणांना 'रात्र' म्हटले आणि भोवती ऐकणारी मुले बसवली. कोठडीत एकट्याने लिहितानाही त्यांनी सांगण्याचा प्रसंग सोडला नाही. बालकथेच्या निर्मितिप्रक्रियेचे मर्म आम्हांला येथे दिसते.

'लीळाचरित्रा'त सहज येणारा 'लेकरू' हा शब्द परभणीच्या घरांत आजही रोजचा आहे. पाठ्यपुस्तकाच्या प्रमाणभाषेत त्याच्या जागी बहुधा 'मूल' किंवा 'बाळ' येते. ती भाषा शिकलेला येथील लेखक मुलांसाठी लिहू लागला की घरातला शब्द गावंढळ समजून गाळतो, आणि कृत्रिम लडिवाळपणा उसना आणतो. सातशे वर्षांची गद्यपरंपरा असलेला शब्द त्याने संकोचाने का टाकावा? साहित्याच्या अध्यापकांनी एवढे करावे: विद्यार्थ्याने लिहिलेली बालकथा तपासण्याआधी ती एखाद्या लेकराला वाचून दाखवायला सांगावी. ते जेथे चुळबुळ करील, तेथे पुनर्लेखन सुरू व्हावे.