आभाराचा दिवस आणि बाजाराचा हिशेब

परमेश्वराचे आभार मानण्यासाठी राखून ठेवलेल्या दिवसावर बाजार हळूहळू कसा हक्क सांगू लागतो, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील 'थँक्सगिव्हिंग' म्हणजेच आभारदिनाचा इतिहास वाचावा.

१६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून सुमारे शंभर इंग्रज प्लिमथला आले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. उरलेल्यांना तेथील मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांनी मका पिकविण्यास शिकविले. १६२१ साली पीक हाती आले तेव्हा तीन दिवस मेजवानी झाली. तीत सुमारे ९० वाम्पानोआग होते व त्यांनी पाच हरणे मारून आणली होती. पुढे याच लोकांच्या जमिनी गेल्या. म्हणून १९७० पासून मूळ रहिवाशांचे वंशज त्या दिवशी प्लिमथ येथे शोकदिन पाळतात. ज्यांचे उपकार त्यांनाच विसरण्याची खोड इतकी जुनी आहे.

१८६३ साली यादवी युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा अखेरचा गुरुवार आभारदिन म्हणून जाहीर केला. सारा हेल या संपादिकेने त्यासाठी अनेक वर्षे लेखणी झिजविली होती. युद्धातील विधवा व अनाथ यांना प्रार्थनेत आठवावे, असे लिंकन यांच्या जाहीरनाम्यात आवर्जून सांगितले होते.

नाताळची विक्री आभारदिनानंतर जोरात सुरू करावयाची, असा व्यापाऱ्यांचा रिवाज होता. १९३९ साली नोव्हेंबरमध्ये पाच गुरुवार आले व अखेरचा ३० तारखेस पडला. विक्रीचे दिवस कमी होतात, अशी तक्रार मोठ्या दुकानदारांनी केली. मंदीने गांजलेल्या देशाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आभारदिन २३ तारखेवर आणला. काही राज्यांनी तो मानला, काहींनी नाकारला. एका देशात दोन आभारदिन झाले! अखेर १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला.

पुढे आभारदिनानंतरचा शुक्रवार स्वस्त विक्रीचा दिवस म्हणून गाजू लागला. २८ नोव्हेंबर २००८ रोजी पहाटे न्यूयॉर्कजवळील व्हॅली स्ट्रीम येथे दुकानाचे दार उघडताच गर्दी आत घुसली व तेथील एक कामगार चेंगरून मरण पावला. आदल्याच दिवशी घरोघरी आभार मानून झाले होते.

पण अमेरिकेला नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. रमजानचे रोजे म्हणजे सब्र आणि शुक्र यांची शिकवण. मात्र शेवटचे दहा दिवस, जे इबादतीसाठी सर्वांत मोलाचे, तेच आपले कपडे व चपलांच्या खरेदीत जातात. ईदसाठी उसने काढणारी घरे पुढे मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी अडतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे.

इस्लामने ईदचा क्रमच असा घालून दिला आहे की, फित्रा ईदच्या नमाजपूर्वी द्यावा, म्हणजे गरिबाच्या घरीही ईद व्हावी. आधी दुसऱ्याचा हक्क, मग आपला आनंद. ईदला नवा कपडा घालण्यात गैर काहीच नाही. गैर आहे तो हा क्रम उलटा करणे.

विद्यार्थी मित्रहो, येत्या रमजानमध्ये खरेदीची यादी करण्याआधी वडिलांजवळ बसा आणि घरात माणसे किती व फित्रा किती, याचा हिशेब स्वतःच्या हाताने मांडा. शुक्र म्हणजे काय, हे त्या हिशेबातून कळेल.