यमूचं चुकलं कुठं?

नाशिकहून पुन्हा एकदा तुमच्या भेटीला आलोय. आज एक जुनी कादंबरी उघडूया. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रात क्रमशः आली. हे पत्र सुरू झालं 1890 साली, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत.

गोष्ट यमूची आहे आणि ती स्वतःच सांगते. लहानपणी लग्न होतं. नवरा रघुनाथराव भला माणूस. तिला शिकायला लावतो, मुंबईत दोघांचा संसार छान चालतो. मग तो जातो, आणि यमूच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन केलं जातं.

आपण पटकन म्हणतो, सासरचे दुष्ट, म्हणून शोकांतिका. पण दुष्ट माणसं वगळली असती तर यमू सुटली असती का?

इथं संरचनावाद कामाला येतो. सोस्यूर नावाचा स्विस भाषाशास्त्रज्ञ बुद्धिबळाचा दाखला देतो: घोडा हरवला तर त्या जागी दुसरी कुठलीही वस्तू ठेवा, डाव चालतोच. कारण अर्थ वस्तूत नसतो, पटावरच्या नात्यांत असतो.

आता यमूचा पट बघा. माहेर-सासर, पुणं-मुंबई, सवाष्ण-विधवा. नवरा गेल्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी यमू तीच, तिचं वाचन तेच. बदललं फक्त घर, सोंगटीचं असतं ते. बायको गेलेला पुरुष मात्र पुन्हा बोहल्यावर चढायला मोकळा!

म्हणून मला वाटतं, शोकांतिका मुंबईच्या सुखाच्या प्रकरणांतच सुरू झालेली असते. यमूचं सुख नवऱ्याच्या भलेपणावर उभं होतं, तिच्या हक्कावर नाही. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा तर 1856 सालीच झाला होता. कागद बदलला, पट तसाच राहिला.

तिकडे इंग्लंडात 1891 साली थॉमस हार्डीची 'टेस' आली. लग्नाच्या रात्री नवरा आपली जुनी चूक सांगतो, टेस माफ करते. मग ती आपला भूतकाळ सांगते, आणि तो तिला सोडून जातो. देश वेगळा, पट ओळखीचा.

आता आपल्या गावाकडे येऊ. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तेव्हा तिथं जे नाटक होतं ते देवलांचं 'शारदा'. म्हाताऱ्याशी ठरलेलं कोवळ्या शारदेचं लग्न मोडतं, शेवट गोड होतो. पण मोडतं कशामुळे? दोघं सगोत्र निघतात म्हणून! शारदेची नामर्जी पुरेशी ठरत नाही, पटाचाच दुसरा नियम आड येतो. शेवट उलटा, रचना तीच.

फक्त एक धोका आहे. 'सिस्टीमच तशी' म्हटलं की सगळे सुटतात. तसं नाही. वस्तरा कुणाच्या तरी हातात होता, आणि बाकीचे गप्प बसले होते. आपट्यांनी शीर्षकातच प्रश्न विचारलाय, तो त्या गप्प बसलेल्यांना.

तुमच्या घरात अशी एखादी जोडी अजून चालते का? हळदीकुंकवाला कुणाला बोलावत नाहीत, एवढं बघा. भेटू पुढच्या भागात!