शेवटची वीतभर नळी: शाळेतल्या पाण्याची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देते आहे. बोलताना जे सुटं सुटं आलं ते जरा बांधून घेतलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय पहिल्यांदा किरकोळ वाटेल. अमेरिकेतल्या शाळांच्या व्हरांड्यात भिंतीला एक यंत्र लावलेलं असतं. बटण दाबलं की पाण्याची बारीक धार वर उडते, मूल वाकतं, दोन घोट पितं आणि खेळायला पळतं. त्याला तिकडे ड्रिंकिंग फाउंटन म्हणतात. न्यू जर्सी, मिशिगन, कॅलिफोर्निया इथल्या आपल्या श्रोत्यांच्या घरातली मुलंही हे पाणी पितात. या साध्या यंत्राला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पाणी कुठून येतं याची काळजी सगळ्यांनी घेतली. पण धोका बरेचदा मुलाच्या तोंडाजवळच्या शेवटच्या वीतभर अंतरात बसलेला होता, आणि तेवढ्या भागाला कुणी मालकच नव्हता.

सुरुवात यंत्रापासून नको, पेल्यापासून करू.

२१ एप्रिल १८५९ रोजी लंडनमध्ये सेंट सेपल्कर चर्चच्या आवाराच्या कडेला एक सार्वजनिक फाउंटन सुरू झालं. त्याआधी पाच वर्षं, म्हणजे १८५४ साली, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी पिऊन शेकडो लोक कॉलऱ्याने गेले होते. शहरातल्या गरिबांना स्वच्छ पाणी फुकट मिळावं म्हणून सॅम्युएल गर्नी नावाच्या खासदाराने पुढाकार घेतला. पाणी चांगलं होतं. पण प्यायचं कशाने? तर साखळीने बांधलेल्या धातूच्या पेल्याने. हमाल, विद्यार्थी, आजारी, धडधाकट, सगळ्यांना तोच पेला. आपल्याकडे तांब्या वर धरून, ओठ न लावता पिणाऱ्या माणसाला हे ऐकूनच कसंतरी होईल, पण त्या काळात जंतूंचा सिद्धान्त अजून सर्वमान्य झालेला नव्हता. त्यामुळे त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या शाळांत हीच पद्धत होती. कोपऱ्यात बादली किंवा नळ, आणि अख्ख्या वर्गाला एक टिनचा पेला. क्षयरोग, घटसर्प आणि घशाचे आजार यांनी मुलं दगावत होती, तो हा काळ.

इथे दोन माणसं महत्त्वाची आहेत. पहिले डॉ. सॅम्युएल क्रम्बाइन. हे कॅन्सस राज्याच्या आरोग्य मंडळाचे सचिव. माणूस मोठा खटपट्या. लोकांनी फुटपाथवर थुंकू नये म्हणून तसा मजकूर कोरलेल्या विटा बनवायला लावणारे हेच. रेल्वेच्या प्रवासात त्यांनी पाहिलं की क्षयाचे रुग्ण डब्यातल्या सार्वजनिक पेल्याने पाणी प्यायले, आणि पाठोपाठ एका लहान मुलीने तोच पेला तोंडाला लावला. दुसरे अ‍ॅल्विन डेव्हिसन. हे पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी लाफायेट कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. त्यांनी शाळेतले पेले आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. काठावर मुलांच्या ओठांच्या मृत पेशी आणि जंतू यांचा थर होता. १९०८ साली त्यांनी हे एका मासिकात लिहिलं. लेखाच्या शीर्षकातच शाळेचे पेले आणि मृत्यू हे शब्द शेजारी शेजारी होते.

१९०९ साली कॅन्ससने सार्वजनिक पेल्यावर बंदी घातली. रेल्वेत, शाळेत, सार्वजनिक इमारतीत एक पेला सगळ्यांना, हे बंद. अशी बंदी घालणारं ते पहिलं राज्य. मग एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. कागदी पेल्यांचा धंदा उभा राहिला तो याच भीतीवर. पुढे डिक्सी कप या नावाने घराघरांत पोचलेला पेला आधी हेल्थ कप म्हणून विकला जायचा.

पण शाळेला रोज शेकडो कागदी पेले परवडणार कसे? तेव्हा पेलाच नको, या विचारातून फाउंटन पुढे आलं. कॅलिफोर्नियात बर्कली इथे ल्यूथर हॉज हे प्लंबर होते आणि आरोग्य निरीक्षकही. शाळेतली मुलं एकाच टिनच्या पेल्याने पाणी पिताना त्यांनी पाहिली आणि वर उडणाऱ्या धारेचा नळ तयार केला. तो बर्कलीच्या शाळांत लागला आणि १९११ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तिकडे ओहायोत हॅल्सी टेलर यांचे वडील १८९६ साली दूषित पाण्यामुळे झालेल्या टायफॉइडने गेले होते. या मुलाने पुढे आयुष्य पाण्याच्या फाउंटनांवर घालवलं. हे नाव लक्षात ठेवा, ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, प्रश्न सुटला. नाही सुटला. सुरुवातीच्या फाउंटनांची धार सरळ वर उडायची आणि त्याच तोटीवर परत पडायची. मुलं तोटीलाच ओठ टेकवायची ते वेगळंच. विस्कॉन्सिन विद्यापीठात घशाच्या संसर्गाची साथ आल्यावर तिथल्या संशोधकांनी फाउंटन तपासले आणि १९१६ साली निष्कर्ष छापले. जंतू त्या उभ्या धारेतच वरखाली नाचत राहात होते, कधी काही मिनिटं, कधी तासाहून जास्त. मूळ पाण्यात ते नव्हतेच. उपाय अगदी साधा निघाला. धार तिरपी करा आणि तोटीला ओठ लागणार नाही अशी आड बसवा. आजच्या प्रत्येक फाउंटनची धार तिरपी का असते, त्याचं उत्तर हे आहे.

ही झाली गोष्टीची पहिली बाजू, जंतूंची. यात निदान एक सोय होती. मुलं आजारी पडायची, साथ यायची, लोक जागे व्हायचे. दुसऱ्या बाजूला तसं काहीच होत नाही. ती बाजू शिशाची.

शिसं पाण्यात उतरलं तरी पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसं शोषून घेतं, आणि त्याचा मारा वाढत्या मेंदूवर होतो. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धिमापन चाचणीत मागे होती आणि वर्गात त्यांचं लक्ष कमी लागतं असं शिक्षकांनी नोंदवलं होतं. ही मुलं दिसायला आजारी नव्हती, बरं का. ती फक्त ‘जरा मंद’, ‘जरा चंचल’ वाटायची. मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात त्रासदायक भाग हाच वाटतो. नळाचा दोष मुलाच्या नावावर लिहिला जात होता.

आता हे शिसं शाळेत येतं कुठून? कधी रस्त्यातून इमारतीत येणाऱ्या शिशाच्या नळीतून. पण बरेचदा इमारतीच्या आतूनच. तांब्याच्या नळ्या जोडताना जे सोल्डर वापरायचे त्यात बरेचदा निम्मं शिसं असायचं. पितळी तोट्या आणि व्हॉल्व्ह यांतही शिसं असतं. पाणी वाहतं असेल तर ते थोडंच उतरतं. पाणी साचून राहिलं की जास्त. आणि शाळेइतकं पाणी साचून कुठे राहतं सांगा! रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत, शनिवार-रविवार, उन्हाळ्याची सुट्टी. सोमवारी सकाळी जे मूल पहिल्यांदा बटण दाबतं, त्याच्या वाट्याला ते साठलेलं पाणी येतं.

१९८६ साली अमेरिकेने नव्या कामात शिशाच्या नळ्या आणि शिशाचं सोल्डर वापरायला बंदी केली. पण कायद्याची ‘शिसेमुक्त’ची व्याख्या ऐका. नळ्या आणि जोडण्यांमध्ये ८ टक्क्यांपर्यंत शिसं चालेल, तरीही ते शिसेमुक्त! ही मर्यादा ०.२५ टक्क्यावर आली ती थेट २०१४ मध्ये. म्हणजे मधल्या काळात बांधलेल्या शाळांत ‘शिसेमुक्त’ म्हणून बसवलेल्या तोट्यांतही शिसं असू शकत होतं.

मग १९८८ मध्ये शाळांच्या पाण्यासाठी खास कायदा झाला. काही थंड पाण्याच्या कूलरांच्या टाक्यांना आतून शिशाचं अस्तर होतं, हे उघड झालं होतं. सरकारने अशा मॉडेलांची यादी काढली. यादीत नाव होतं हॅल्सी टेलर या कंपनीचं. वडील दूषित पाण्याने गेले म्हणून सुरक्षित फाउंटन बनवायला निघालेल्या माणसाच्या नावाची ही कंपनी. १९९० मध्ये ते कूलर बदलून देण्याची किंवा पैसे परत करण्याची तडजोड झाली. यात कुणी खलनायक शोधण्यापेक्षा मला वेगळं दिसतं. जंतूंच्या भीतीतून जन्मलेल्या वस्तूकडे बघताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जंतूच होते. धातूकडे कोण बघणार?

त्याच कायद्यात राज्यांनी शाळांसाठी तपासणीचे कार्यक्रम चालवावेत असंही कलम होतं. १९९६ मध्ये एका फेडरल अपील न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, कारण केंद्र राज्यांवर अशी सक्ती करू शकत नाही. झालं, शाळांची तपासणी ऐच्छिक राहिली. १९९१ च्या शिसे-तांबे नियमाखाली पाणीपुरवठा करणारे नमुने घ्यायचे, पण मुख्यतः घरांतले. पाणीवाले म्हणायचे, आमची जबाबदारी इमारतीच्या दारापर्यंत. शाळा म्हणायची, पाणी शहराचं, तपासलेलं आहे. दोघंही आपल्या जागी बरोबर, आणि मधल्या नळ्या बेवारस.

त्याची फळं पुढे दिसली. २००४ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये पालकांनी नमुने तपासून घेतल्यावर शाळांमधलं शिसं चव्हाट्यावर आलं. बाल्टिमोरने २००७ मध्ये शाळांतले फाउंटन बंद करून बाटलीबंद पाणी सुरू केलं. फ्लिंट शहराची बातमी जगभर गेल्यावर इतरांनीही आपले नळ उघडून पाहिले. २०१६ मध्ये नेवार्कमधल्या ३० शाळांत फाउंटन बंद झाले. २०१८ मध्ये डेट्रॉइटने शाळा उघडण्याच्या तोंडावर शंभराहून अधिक शाळांतलं पिण्याचं पाणी बंद केलं. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. २०१६-१७ मध्ये फक्त ४३ टक्के शालेय जिल्ह्यांनी शिशाची तपासणी केली होती. तपासणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना वाढलेलं शिसं सापडलं. १६ टक्के जिल्ह्यांना तर तपासणी झाली की नाही हेच माहीत नव्हतं.

‘मग तपासा की!’ असं कुणीही म्हणेल. पण इथेही एक मेख आहे. एका फाउंटनचं पाणी ठीक आणि त्याच व्हरांड्यातल्या दुसऱ्याचं वाईट, असं होतं. शिशाचे बारीक कण मधूनच सुटतात, त्यामुळे आज स्वच्छ निघालेला नळ महिन्याने तसाच असेल असं नाही. शिवाय नमुना घेण्याआधी नळ बराच वेळ वाहू दिला तर निकाल छान येतो, पण मूल ते पाणी पीत नसतं. म्हणून शाळेसाठीची पद्धत अशी ठरली की रात्रभर साचलेलं पहिलं पाणी घ्यायचं, आणि तेही लहान बाटलीत, २५० मिलिलिटर. लिटरभर घेतलं तर तोटीजवळचा दोष मागच्या पाण्यात पातळ होऊन जातो.

याच अनुभवातून मिशिगनने २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. आधी तपासून मग दोषी नळ शोधण्यापेक्षा, शाळांत पिण्याच्या जागी थेट शिसं गाळणारे फिल्टर बसवा आणि मग तपासत राहा. मला हा विचार पटतो, कारण तो पहिल्यांदा त्या शेवटच्या वीतभर अंतराची जबाबदारी कुणावर तरी टाकतो.

आपल्याकडे काय? भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये शाळा-अंगणवाड्यांत नळाचं पाणी पोचवायची देशव्यापी मोहीमही सुरू झाली. पाणी पोचणं ही मोठीच गोष्ट आहे. पण पोचल्यावरचे प्रश्न आपण पालक म्हणून विचारू शकतो. शाळेने अहवाल दाखवला तर बघा, नमुना टाकीतला आहे की मुलं पितात त्या तोटीचा? सकाळचा पहिला आहे की दुपारचा? त्यात जंतूंबरोबर शिसंही तपासलंय का? सुट्टीनंतर नळ वाहू देऊन मगच मुलांना पाणी देतात का? कूलर असेल तर फिल्टर शेवटचा कधी बदलला, ती तारीख कुठे लिहिली आहे? आणि कूलरला अर्थिंग आहे का?

यासाठी कुणाशी भांडायला लागत नाही. डेव्हिसनने शाळेतला पेला उचलून नीट पाहिला, विस्कॉन्सिनवाल्यांनी धार पाहिली, सिअ‍ॅटलच्या पालकांनी तोटीचं पाणी बाटलीत भरलं. दर वेळी बदल तिथूनच सुरू झाला, जिथे मुलाचं तोंड पाण्याला लागतं.

तुमच्या मुलांच्या शाळेत हे प्रश्न विचारून बघा आणि काय उत्तर मिळालं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.