अक्काबाई : एका सौम्योक्तीचा इतिहास

‘अक्काबाईचा फेरा आला’ हा वाक्प्रचार घराला लागलेल्या ओहोटीचे कारण सांगतो. ही अक्काबाई कोण, हे मात्र सांगत नाही. अक्का म्हणजे थोरली बहीण. पुराणांतील ज्येष्ठा, म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, हिच्या नावाचे हे देशी प्रतिरूप होय. पद्मपुराणातील कथेत ती समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी निघते, उद्दालक ऋषीला दिली जाते, आणि तो तिला पिंपळाखाली बसवून निघून जातो.

ऋग्वेदातील निर्ऋती, पुराणांतील ज्येष्ठा आणि दशमहाविद्यांतील धूमावती यांना अभ्यासकांनी एका परंपरेत पाहिले आहे. या परंपरेची दिशा लक्षणीय आहे. दहाव्या मंडलातील ५९ व्या सूक्तात निर्ऋतीला केवळ दूर जाण्यास विनविले आहे. ज्येष्ठा ही टाकलेली पत्नी आहे, तर धूमावती विधवा. हानी या अमूर्त कल्पनेला अशा रीतीने पती नसलेल्या स्त्रीचा देह मिळत गेला. तंत्रमार्गाने त्या देहाला निराळा अर्थही दिला. धूमावतीच्या हाती सूप आहे. सर्वस्व गेल्यावरच दाणा आणि फोल वेगळे दिसतात, असा त्याचा अन्वयार्थ लावला जातो. म्हणूनच तिची उपासना विरक्ताची मानली गेली.

संसारी मराठी मनाने मात्र नात्याचा मार्ग धरला. नागपूरकडे, एकेकाळी खेडे असलेल्या आणि आता शहरात सामावलेल्या हुडकेश्वरासारख्या वस्तीतही, भाद्रपदातील गौरींना ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. मुखवटे दोन : ज्येष्ठा आणि कनिष्ठा. येथील ज्येष्ठा हे नाव नक्षत्रावरून आले असल्याने तिला थेट अलक्ष्मी ठरविणे धाडसाचे होईल. तथापि अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मुळावर विसर्जन असा हा क्रम आहे. आणि मूळ नक्षत्राची देवता निर्ऋतीच आहे. थोरलीला धाकटीशेजारी बसवून, जेवू घालून निरोप देण्याची ही रीत, तिला हाकलून देण्याहून निश्चितच निराळी आहे.

परंतु या औदार्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्या घरांत ज्येष्ठेला पाट मिळाला, त्याच घरांतील विधवेला हळदीकुंकवाच्या वेळी आत बसावे लागे. न दिसणाऱ्या देवीला ज्या भाषेने आदराने ‘अक्का’ म्हटले, तिनेच दिसणाऱ्या बाईला ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले. सौम्योक्ती भयातून जन्मते; जिचे भय वाटत नाही, तिच्या वाट्याला तेवढेही सौजन्य येत नाही.