तापलेल्या इंजिनाचा हट्ट

कांहीं जुन्या मोटारींची तक्रार मोठी चमत्कारिक असते. रात्रभर थंडींत उभी राहिलेली गाडी सकाळीं तत्काळ सुरू होते आणि दिवसभर निर्वेधपणें धांवते. मात्र वाटेंत अर्धा तास थांबून पुन्हां निघावें, तों स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन कांहीं केल्या पेट घेत नाहीं. पूर्ण निवल्यावर तें पुन्हां शहाण्यासारखें चालूं लागतें. या हट्टाचें मूळ पेट्रोल-इंजेक्शनच्या इतिहासांत आहे.

पेट्रोल हें अनेक द्रवांचें मिश्रण असून त्यांतील हलके अंश ३५ ते ४० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास उकळूं लागतात. गाडी धांवत असतां वारा व पाणी इंजिनाला निववितात. गाडी थांबली, कीं हें निवविणें बंद पडतें, लोखंडांतील उष्णता पेट्रोलच्या नळ्यांत शिरते आणि तेथें वाफ धरते. कार्बुरेटरच्या काळीं हें दुखणें सर्वांच्या परिचयाचें होतें.

इंजेक्शनच्या पद्धतींत पेट्रोल दाबाखालीं असतें, आणि दाबाखालील द्रव सहजासहजीं उकळत नाहीं. स्टुटगार्टच्या बॉश कंपनीची विजेनें नियंत्रित होणारी डी-जेट्रॉनिक १९६७ सालीं फोक्सवॅगन १६०० या गाडींत आली. १९७३ सालीं के-जेट्रॉनिक निघाली. आंत येणाऱ्या हवेनें उचलली जाणारी एक तबकडी पेट्रोलचें माप ठरवी आणि इंजेक्टर तें अखंड शिंपडीत. पोर्शे, मर्सिडीज, व्होल्व्हो आणि १९७६ ची गोल्फ जीटीआय यांनीं ही पद्धत स्वीकारली. तिच्यांतील दाब वातावरणाच्या सुमारें पांचपट असे.

परंतु इंजिन थांबलें, कीं पंपही थांबतो. मग दाब कोण राखणार? तो फार राहिला, तर इंजेक्टरांतून पेट्रोल ठिबकेल; अजिबात नाहींसा झाला, तर वाफ होईल. म्हणून इंजेक्टर उघडण्यास लागणाऱ्या दाबाहून किंचित् कमी दाब टिकविण्याची योजना करण्यांत आली. पंपाच्या तोंडाशीं एक एकतर्फी झडप बसविली, आणि पुढें स्प्रिंग व पडदा असलेली एक डबी जोडली. या डबीस अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. वर्षांनुवर्षें काम करून झडप झिजते, पडदा फाटतो, दाब कांहीं मिनिटांतच गळून जातो आणि कार्बुरेटरच्या काळचें दुखणें परत येतें.

मग थंड इंजिन मात्र बिनतक्रार सुरू कसें होतें? थंडींत जादा पेट्रोल देणारा एक स्वतंत्र इंजेक्टर त्याच्या मदतीस असतो. इंजिन तापलेलें असतां उष्णतेनें चालणारा एक स्विच ही मदत तोडतो. त्यामुळें गळालेला दाब तेव्हांच उघडकीस येतो.

हें न जाणल्यामुळें कित्येक मालक बॅटरी, स्टार्टर, प्लग बदलून पैसा खर्च करतात आणि गाडी पुन्हां रस्त्यांतच अडते. खरी परीक्षा निराळी आहे. इंजिन तापलेलें असतांनाच प्लगवर ठिणगी पडते कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. ती ठीक असल्यास दाबमापक जोडून इंजिन बंद करावें, दहा व वीस मिनिटांनीं आंकडा वाचावा आणि त्या गाडीच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पाहावा. दाब गळत असल्यास टांकीकडून पंपाकडे येणारी रबरी नळी चिमट्यानें दाबावी. मग दाब टिकला, तर पंपाची झडप दोषी. डबीची टांकीकडे परतणारी बारीक नळी सोडल्यावर तिच्यांतून पेट्रोल येऊं लागलें, तर पडदा फाटला समजावें. पेट्रोलचा उग्र वास व काळा धूर येत असेल, तर दोष उलटा असतो: एखादा इंजेक्टर ठिबकून इंजिनांत पेट्रोल फाजील झालेलें असतें. तापलेल्या इंजिनाजवळ उघडें पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून हें काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावें.

१९९० नंतरच्या दशकांत के-जेट्रॉनिक मागें पडली, तरी तिच्या गाड्या हौशी लोकांनीं अजून जपल्या आहेत. त्यांचा हा रोग इंजिन चालत असतां कितीही तपासलें, तरी सांपडत नाहीं. तो घडतो विश्रांतींत; म्हणून इंजिन बंद केल्यानंतरचीं पहिलीं वीस मिनिटेंच दाबमापकाशीं बसून काढावीं लागतात.