टर्ब्युटालिन

टर्ब्युटालिन : श्वासनलिका सैल करणारे, दम्यावरचे औषध. खेळाडूंसाठी मात्र ते स्पर्धेच्या दिवशी आणि एरवीही निषिद्ध आहे. साल्ब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल आणि साल्मेटेरॉल यांच्यासारखेच ते 'बीटा-२ ॲगॉनिस्ट' गटात मोडते. महाराष्ट्रातल्या बहुतेक क्रिकेटप्रेमींना हे नाव ३० जुलै २०१९ रोजी कळले. त्या दिवशी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने मुंबईचा फलंदाज पृथ्वी शॉ याच्यावर आठ महिन्यांची बंदी जाहीर केली. सायकल शर्यतींच्या जगाने ते तीन वर्षे आधीच ऐकले होते.

दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि छातीतून घरघर ऐकू येते. टर्ब्युटालिन या स्नायूंवरच्या बीटा-२ ग्राहींना चिकटते आणि आवळलेली नळी मोकळी होते. असे ग्राही गर्भाशयाच्या स्नायूंतही असतात, म्हणून अकाली सुरू झालेल्या कळा थोपवण्यासाठीही डॉक्टर हे औषध वापरत आले आहेत. हे ग्राही हातापायांच्या स्नायूंतही असतात, आणि खरी गोम तिथेच आहे. पंपाने ओढलेली मात्रा थोडी असते आणि तिचे काम मुख्यतः फुप्फुसात चालते. गोळी किंवा सिरप पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगभर, म्हणजे हातापायांच्या स्नायूंपर्यंतही जाते. याच जातकुळीतले क्लेनब्युटेरॉल जनावरांचे मांस वाढवण्यासाठी चोरून वापरले जाते. त्याचा अंश सापडल्यामुळे स्पेनचा सायकलपटू अल्बेर्तो काँतादोरचे २०१० च्या तूर द फ्रान्सचे विजेतेपद गेले.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा, म्हणजे वाडाचा, नियम या फरकावर बेतलेला आहे. साल्ब्युटामॉल पंपाने घेतल्यास चोवीस तासांत १,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. नेहमीच्या पंपाचे हे सोळा फवारे होतात. फॉर्मोटेरॉल आणि साल्मेटेरॉललाही अशाच मर्यादा आहेत. टर्ब्युटालिनला अशी मोकळीकच नाही. पंप असो, गोळी असो की सिरप, आधी 'टीयूई' काढावी लागते. टीयूई म्हणजे उपचारासाठी निषिद्ध औषध घेण्याची लेखी परवानगी. ती नसेल, तर लघवीत औषध सापडले एवढ्यावर गुन्हा पुरा होतो. खेळाडूला खरोखर दमा आहे का, हा प्रश्न नंतर येतो, तोही शिक्षा किती द्यायची हे ठरवताना.

शॉचे प्रकरण याच नियमातले. तो विरारमध्ये वाढला आणि वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून खेळला. लोकलची रोजची दगदग वाचावी म्हणून शिवसेनेचे स्थानिक नेते संजय पोतनीस यांनी त्याच्या कुटुंबाला सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात राहायला जागा मिळवून दिली. शाळेत असताना हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा आणि राजकोटला कसोटी पदार्पणात १३४, अशी त्याची चढती कमान होती. २०१८ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात पाय दुखावला. त्यातून सावरून तो सय्यद मुश्ताक अली करंडकासाठी इंदूरला गेला आणि २२ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथे त्याचा नमुना घेतला गेला. खोकला-सर्दी जबर होती, खेळायची घाई होती, म्हणून साधे कफ सिरप घेतले, असे त्याने नंतर सांगितले. मंडळाने हा खुलासा मान्य केला.

असे सिरप वाकोल्यातच काय, मुंबईतल्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. बाटलीवर कंपनीने दिलेले नाव ठसठशीत असते. खाली बारीक अक्षरांत टर्ब्युटालिन, ब्रोमहेक्सीन आणि ग्वायफेनेसिन ही तीन नावे असतात. एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, टर्ब्युटालिन साधारण सव्वा मिलिग्रॅम. कफ सुटावा म्हणून दोन चमचे घेणाऱ्याला आपण दम्याचे औषध घेतोय याची कल्पना नसते. घरातल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही. रणजी खेळणाऱ्याला पडतो.

शिक्षेचा हिशेब मात्र चमत्कारिक झाला. आरोपपत्र १६ जुलैचे होते, पण बंदी मागे ओढून १६ मार्चपासून धरली आणि ती १५ नोव्हेंबरला संपली. म्हणजे निम्मी बंदी आरोप होण्याआधीच भोगून झाली होती! त्या 'भोगलेल्या' महिन्यांत शॉ दिल्ली कॅपिटल्सकडून आयपीएल खेळत होता आणि ३० मार्चला कोलकात्याविरुद्ध ९९ वर बाद झाला होता. औषध अजाणता घेतले हे पटण्यासारखे आहे; तारखांची ही कसरत पटत नाही. बडोद्याच्या यूसुफ पठाणलाही याच द्रव्यापायी पाच महिन्यांची बंदी झाली होती. तीही मागील तारखेपासून, आणि जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाली तेव्हा संपतच आली होती.

व्यावसायिक सायकलिंगमध्ये संघाबरोबर स्वतःचा डॉक्टर फिरतो, तरी घोळ होतोच. ब्रिटनच्या सायमन येट्सच्या नमुन्यात मार्च २०१६ च्या पॅरिस–नीस शर्यतीत टर्ब्युटालिन सापडले. त्याला दमा होता, पंप डॉक्टरांनीच दिला होता, पण टीयूईचा अर्ज करायचा राहून गेला. चार महिने बंदी लागली आणि त्या वर्षीची तूर हुकली. पुढे त्याने २०१८ ची व्हुएल्ता ही स्पेनची आणि २०२५ ची जीरो ही इटलीची शर्यत जिंकली.

ब्रिटनच्याच ख्रिस फ्रूमचे औषध परवानगीतले होते, भानगड आकड्याची झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये व्हुएल्ताच्या अठराव्या टप्प्यानंतर त्याच्या लघवीत साल्ब्युटामॉल मिलिलिटरला २,००० नॅनोग्रॅम भरले. कारवाईची रेषा १,२०० ची आहे. बातमी डिसेंबरात फुटली आणि पुढचे जवळपास सात महिने तो शर्यतींत उतरत राहिला, संशयही सोबत फिरत राहिला. लघवी किती दाट आहे हे धरून आकडा १,४२९ वर आला. माणसागणिक आणि दिवसागणिक औषध बाहेर पडण्याचे प्रमाण बदलते, हा मुद्दा ग्राह्य धरला गेला आणि २ जुलै २०१८ रोजी, तूर पाच दिवसांवर आली असताना, प्रकरण मिटले. इटलीच्या दिएगो उलिस्सीला २०१४ मध्ये १,९०० च्या आकड्यासाठी नऊ महिने बाहेर बसावे लागले होते. ही तुलना अनेकांना खुपली, आणि त्यात चूक नाही. महागडे वकील आणि तज्ज्ञ उभे करण्याची ऐपत प्रत्येक खेळाडूची नसते.

गंमत अशी की सर्वांत जास्त बोट दाखवले गेले ते ज्याची कागदपत्रे चोख होती त्याच्याकडे. ब्रिटनचा सायकलपटू ब्रॅडली विगिन्सने २०११ आणि २०१२ ची तूर व २०१३ ची जीरो यांच्या तोंडावर ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली, तीही रीतसर टीयूई काढून, परागांची ॲलर्जी आणि दमा या कारणांसाठी. सप्टेंबर २०१६ मध्ये हॅकरांनी ते कागद फोडले. मार्च २०१८ मध्ये ब्रिटिश संसदीय समितीने म्हटले की नियम मोडला नसला तरी नैतिक मर्यादा ओलांडली गेली. औषधाचा हेतू वजन घटवून ताकद टिकवण्याचा होता, असा तिचा रोख होता. विगिन्सने तो ठामपणे नाकारला. २०२२ पासून वाडाने स्पर्धाकाळात अशा स्टेरॉइडची सगळीच इंजेक्शने निषिद्ध केली.

शॉच्या बंदीनंतर दहाच दिवसांत, ९ ऑगस्ट २०१९ रोजी, क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षांचा हट्ट सोडून राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था नाडाच्या चाचण्या मान्य केल्या. देशांतर्गत खेळाडूचा टीयूई अर्ज आता नाडाकडे जातो. दम्यासाठी नुसती चिठ्ठी पुरत नाही. फुंकून घेतलेल्या फुप्फुसचाचणीचे आकडे, औषध दिल्यानंतरचा फरक आणि परवानगीतली पर्यायी औषधे का चालत नाहीत याचा खुलासा द्यावा लागतो. जीव घाबरा झालेल्या रुग्णाला आधी औषध आणि मागून अर्ज, अशीही सोय आहे. २०२१ मध्ये पंपातल्या व्हिलँटेरॉललाही मर्यादेपुरती मोकळीक मिळाली. टर्ब्युटालिनला ती मिळालेली नाही, कारण पंपाने घेतलेले आणि सिरपमधून गेलेले लघवीत वेगळे ओळखता येईल असा आकडा अजून ठरलेला नाही.